राऊटर थांबेल, पॉलिसी आधी परत करा

डिचोलीहून एका निवृत्त शिक्षिकेचं पत्र आलं आहे. वय ६१, पेन्शन महिना ३४ हजार. चिऱ्याच्या जुन्या घरातल्या माडीवरच्या दोन खोल्या त्या होमस्टे म्हणून देणार आहेत. खाली इंटरनेटवाल्यांनी बसवलेला राऊटर आहे, मुलाचा दुसऱ्या कंपनीचा राऊटर कपाटात पडून आहे. दुकानदार म्हणतो, दोन कंपन्यांचे एकत्र चालत नाहीत, एकाच कंपनीचा तीन नगांचा मेश संच (आपसात जोडले जाऊन घरभर एकच वायफाय पसरवणारे राऊटर) घ्या, ४२ हजार, बिनव्याजी हप्त्यांवर. घ्यावा का, एवढंच त्यांनी विचारलंय. पण शेवटी लिहितात: "ग्रॅच्युइटीची एफडी मोडून बँकेतल्या साहेबांनी दोन लाख एका दुप्पट होणाऱ्या योजनेत घातले. कागद येऊन १८ दिवस झाले. पुढचे चार हप्ते होमस्टेतून निघतील."

बाई, तो कागद आयुर्विम्याच्या पॉलिसीचा आहे. एफडीशी त्याचा संबंध नाही. पॉलिसी हातात पडल्यापासून ३० दिवसांत ती परत करता येते. म्हणजे तुमच्याकडे १२ दिवस उरलेत.

पत्रासोबत तुम्ही पाठवलेला पॉलिसीचा तक्ताच बघा. पाच वर्षं दोन-दोन लाख, एकूण १० लाख भरायचे. दहाव्या वर्षाच्या शेवटी हमी १३ लाखांची. पैसे सरासरी आठ वर्षं अडकतात, म्हणजे परतावा जेमतेम सव्वातीन टक्के. शेजारचा मोठा आकडा ८ टक्के गृहीत धरून काढलाय, त्याची हमी कोणी देत नाही, आणि तोसुद्धा दुप्पट नाही. साध्या एफडीत ७ टक्क्यांनी हेच पैसे १७ लाखांवर जातात. ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत आज ८.२ टक्के मिळतात, व्याज दर तिमाहीला खात्यात. करमुक्तीचं आमिष दाखवलं असेल तर नव्या करप्रणालीत तुमच्या पेन्शनवर आजही कर शून्य आहे. साठी ओलांडलेल्या बाईंच्या ग्रॅच्युइटीला ही पॉलिसी चिकटवणाऱ्याचा मला मनापासून राग येतो.

आणि हप्ते होमस्टेतून? डिचोलीला समुद्र नाही. मयेचं तळं बघायला येणारे लोक आहेत, पण पावसाळ्यात खोल्या रिकाम्या राहतील असंच धरून चाला. पहिल्या वर्षी प्रत्येक खोली ६० रात्री गेली, रात्रीचे १,५०० मिळाले, तर १ लाख ८० हजार. बुकिंगचं कमिशन, धुणं, वीज, सफाई वजा करता हाती लाखभर. हप्ता दोन लाखांचा. दुसरा हप्ता चुकला की पहिल्याचाही मोठा भाग जातो.

तेव्हा लेखी अर्ज थेट विमा कंपनीच्या शाखेत द्या, कारण लिहा, पोच घ्या. मुद्रांक शुल्क, वैद्यकीय तपासणी आणि झालेल्या दिवसांचा विमाखर्च कापून बाकी पैसे परत येतात. साहेब म्हणतील, "वर्षभर ठेवून बघा." ऐकू नका. कंपनीने दाद दिली नाही तर विमा लोकपाल आहेत. गोव्याचं काम मुंबईचं कार्यालय बघतं.

आता राऊटर. दुकानदाराचं म्हणणं अर्धंच खरं आहे. वायफायचं मानक सगळ्या कंपन्यांना एकच आहे. अडतं ते मेशमध्ये. एका कंपनीचे मेशचे नग बहुधा दुसरीच्या नगांशी जोडले जात नाहीत. ईझीमेश नावाचं सामाईक प्रमाणपत्र आहे, पण ते दोन्ही खोक्यांवर हवं.

तुम्हाला मेशची गरजच नाही. खालच्या राऊटरपासून माडीपर्यंत कॅट-सिक्स म्हणजे नेटवर्कची केबल ओढून घ्या आणि मुलाचा राऊटर ॲक्सेस पॉइंट मोडवर टाका, म्हणजे तो खालून आलेलं इंटरनेट नुसतं वायफायने पसरवेल. तशी सोय नसेल तर त्याचं डीएचसीपी (उपकरणांना नेटवर्कवरचे पत्ते वाटायचं काम) बंद करून केबल 'लॅन' लिहिलेल्या भोकात लावा, आणि त्याचा स्वतःचा आयपी पत्ता खालच्याहून वेगळा ठेवा. दोन्हींना नाव आणि पासवर्ड तोच, चॅनेल वेगळे: खाली १, वर ६ किंवा ११. चिऱ्याच्या जाड भिंतीतून सिग्नल कसाबसा जातो, म्हणून बिनतारी मेशपेक्षा इथे तारच भरवशाची. जिना चढताना फोन थोडा वेळ खालच्याच राऊटरला धरून राहील, पण खोलीत बसलेल्या पाहुण्याला त्याचं काही नाही. केबल आणि मजुरी धरून तीनेक हजार पुरावेत. बाहेरच्या भिंतीवरून नेणार असाल तर बाहेर वापरायचीच केबल मागा, आणि विजा कडाडायला लागल्या की दोन्ही टोकं काढून ठेवा.

पाहुण्यांना गेस्ट नेटवर्क, म्हणजे घरच्यापासून वेगळं वायफाय द्या. मात्र ॲक्सेस पॉइंट मोडवर काही राऊटर पाहुण्यांना घरच्या उपकरणांपासून वेगळं ठेवत नाहीत. वरच्या खोलीत फोनवरून घरचा प्रिंटर दिसतो का, ते मुलाकडून तपासून घ्या. दिसला तर मात्र नवा राऊटर घ्या, दोन-तीन हजारांचा, रोखीने.