ऑफिसात दुपारनंतर सगळ्यांचं डोकं जड होतं. एसीचे डक्ट साफ करून घ्यावेत का?

पुण्यातल्या ऑफिसांचे एसी प्लांट सांभाळणं हाच माझा धंदा, त्यामुळे तुम्ही लिहिलेलं सगळं ओळखीचं वाटलं. सेंट्रल एसी, २०,००० चौरस फुटांत २०० माणसं, जेवणानंतर डोकं जड, सोमवारी सकाळी कुबट वास, डिफ्यूझरभोवती (थंड हवा सोडणाऱ्या छतातल्या जाळीभोवती) सिलिंगवर काळे डाग आणि हातात डक्ट क्लिनिंगचं, म्हणजे हवा नेणारे पत्र्याचे मार्ग साफ करण्याचं, भलंमोठं कोटेशन. माझं ऐकाल तर ते कोटेशन तूर्त ड्रॉवरमध्ये ठेवा.

आधी त्या काळ्या डागांचं. व्हेंडर पहिलं बोट तिकडेच दाखवतो, कारण ते सगळ्यांना दिसतात. पण डिफ्यूझरमधून जोरात सुटणारी हवा आजूबाजूची खोलीतलीच हवा ओढून घेते आणि तिच्यातली धूळ सिलिंगला चिकटत राहते. म्हणजे ते काळं बरंचसं कार्पेटचं आणि बुटांबरोबर आलेलं असतं. खात्री करायची तर डिफ्यूझर उतरवून आत टॉर्च मारा. पत्र्यावर धुळीचा पातळ थर असणारच, तो जागचा हलत नाही. अमेरिकेची पर्यावरण संस्था ईपीए घरांच्या डक्टबद्दल सांगते की सरसकट साफसफाईने आजार टळतात असं सिद्ध झालेलं नाही. आत बुरशी दिसली, उंदीर-किडे असले किंवा डक्ट कचऱ्याने चोंदून तो खोलीत यायला लागला, तर साफ करा. ऑफिसलाही मी हाच नियम लावतो.

दुपारी डोकं जड होण्यामागे मला बहुतेक वेळा बाहेरची हवा कमी पडलेली आढळते. एएचयू (एअर हँडलिंग युनिट, हवा थंड करून डक्टमध्ये ढकलणारं मशीन) असलेल्या रूममध्ये जा आणि फ्रेश एअरचा डॅम्पर, म्हणजे बाहेरची हवा आत घेणारी झडप, शोधा. एप्रिलमध्ये चिलरवर (एसीसाठी पाणी थंड करणाऱ्या मशीनवर) लोड येतो, वीजबिल वाढतं, वरून ‘एसी थंड होत नाही’ म्हणून तक्रारी. मग ऑपरेटर तो डॅम्पर बंद करतो आणि पावसाळा संपला तरी तो बंदच राहतो. थर्माकोलचा तुकडा कोंबून वर ब्राऊन टेप मारलेली तोंडंही मी पाहिली आहेत. उघडा असेल तर जाळीपाशी टिश्यू पेपर धरा; तो आत ओढला जाऊन चिकटला पाहिजे. ही जाळी कुठे उघडते तेही बघा. जनरेटरच्या धुराड्याशेजारी किंवा बेसमेंट पार्किंगमध्ये असेल तर ‘फ्रेश’ हे नावापुरतंच.

किती हवा हवी? ‘अ‍ॅश्रे ६२.१’ या अमेरिकन वेंटिलेशन मानकाप्रमाणे ऑफिसला माणशी ५ सीएफएम (मिनिटाला घनफूट हवा) आणि वर दर चौरस फुटाला ०.०६ सीएफएम, म्हणजे तुमच्याकडे किमान २,२०० सीएफएम बाहेरची हवा यायला हवी. एवढं मोजणं तुमच्या हातात नसेल तर कार्बन डायऑक्साइडचा मीटर आणा, एनडीआयआर (इन्फ्रारेड किरणांनी वायू मोजणाऱ्या) सेन्सरवाला. बाहेर साधारण ४२० पीपीएम (दहा लाखांत ४२० भाग) असतो. दुपारी चारला टेबलावर ८००-९०० दिसला तर ठीक. १,५०० च्या वर गेला तर डक्ट कितीही घासा, डोकं दुखायचं थांबणार नाही. मीटिंग रूम वेगळी मोजा, तिथले आकडे बघून घाबरायला होतं.

आता सोमवारचा वास. कूलिंग कॉइलखालचा (हवा थंड करणाऱ्या नळ्यांखालचा) पाणी साठणारा ड्रेन ट्रे बघा. पंखा हवा ओढतो त्या बाजूला दाब कमी असतो. ड्रेन पाइपला यू-ट्रॅप (पाणी अडवून वास रोखणारं यू आकाराचं वळण) नसेल किंवा शनिवार-रविवारी त्यातलं पाणी सुकलं, तर एएचयू नालीतली हवा थेट आत खेचतो. शिवाय पाणी नीट उतरत नाही, ट्रेमध्ये बुळबुळीत शेवाळ धरतं. ट्रे आणि कॉइल धुणं, ट्रॅपमध्ये पाणी भरणं हे तुमच्या एएमसीवाल्याचं (वार्षिक देखभालीचं कंत्राट असलेल्याचं) नेहमीचं काम आहे, त्याचे जादा पैसे देऊ नका. तिथेच फिल्टर आणि फ्रेममधली फट बघा. बोटभर फट असली तर हवा तिथूनच जाते, फिल्टर शोभेपुरता उरतो. प्री-फिल्टर धुऊन ओलाच परत बसवायची सवयही मोडा.

हे सगळं करूनही डक्टमध्ये बुरशी, लेंडी किंवा कचरा सापडला, तर सफाई जरूर करा, पण नीट. डक्टला निगेटिव्ह एअर मशीन (आतली हवा बाहेर ओढून घेणारं यंत्र) लावून, त्यावर हेपा (अगदी बारीक धूळ अडवणारा) फिल्टर ठेवूनच आत ब्रश फिरवायला हवा. नुसता ब्लोअर मारला तर कचरा लोकांच्या कीबोर्डवर येतो. सफाईआधीचं आणि नंतरचं शूटिंग त्याच ठिकाणाहून मागा. सफाईसाठी डक्टला कापलेली तोंडं पत्र्याचं झाकण आणि गॅस्केट (हवा गळू न देणारी पट्टी) लावून बंद करायची, टेपने नाही. आतून ग्लासवूल असलेला भाग ओला होऊन बुरसला असेल तर तो घासत बसू नका, बदलाच. आणि खोलीतून एएचयूकडे परत जाणारी हवा फॉल्स सिलिंगच्या वरून जात असेल तर आधी तिथली धूळ काढा, नाहीतर खर्च पाण्यात.

कोटेशनमध्ये ‘अँटीबॅक्टेरियल फॉगिंग’ असेल तर ती ओळ खोडायला सांगा. कचऱ्यावर औषध फवारून कचरा जात नाही, आणि ते औषध मग सगळ्यांच्या नाकात जातं.

मीटरचे दुपारचे आकडे आणि एएचयू रूमचे दोन-तीन फोटो टाकलेत तर पुढचं सांगतो.