पाळलेल्या उंदराला हृदयविकार आहे असं डॉक्टर म्हणाले. घरी काय काळजी घ्यावी?

औषध बहुधा लघवी वाढवणारं फ्युरोसेमाइड असेल, जोडीला रक्तवाहिन्या सैल करणारं एनालाप्रिल किंवा हृदयाला जोर देणारं पिमोबेंडन. हृदय थकलं की फुप्फुसात पाणी साचतं, ते उपसायचं काम फ्युरोसेमाइडचं. त्यामुळे लघवी वाढेल, तहानही वाढेल. घाबरून पाणी कमी करू नका, बाटली कायम भरलेली ठेवा. आणि घरातल्या आजोबांची गोळी 'तीच तर आहे' म्हणून तुकडा मोडून देऊ नका. अडीचशे-तीनशे ग्रॅमच्या जिवाचा डोस डॉक्टरांनीच ठरवायचा. पातळ औषध सुई काढलेल्या एक मिलीच्या सिरिंजने, केळ्याच्या चिमूटभर गरात कालवून दिलं की बिनबोभाट चाटून टाकतात.

रोज झोपेत श्वास मोजा. पंधरा सेकंद बरगड्यांची हालचाल मोजून चारने गुणा. निरोगी उंदराचे मिनिटाला साधारण ७० ते ११५ भरतात, पण तुमच्या उंदराचा नेहमीचा आकडा माहीत असणं जास्त महत्त्वाचं. तो चढू लागला, पोट आत ओढून श्वास घेतोय किंवा शेपूट-पंजे निळसर-फिके दिसले, तर रात्र असली तरी लगेच दवाखाना गाठा. फुप्फुसाचा मायकोप्लाझ्मा या जिवाणूचा संसर्गही उंदरांत सर्रास असतो आणि बराचसा असाच दिसतो, म्हणून एक्स-रे किंवा इको (हृदयाची सोनोग्राफी) झाला नसेल तर त्याबद्दल जरूर विचारा.

पिंजरा एकमजली करा, चढण नको. शेव-फरसाण बंद. उन्हाळ्यात सावली आणि गारवा हवाच, उंदरांना घाम येत नाही. जोडीदार असेल तर वेगळा काढू नका, एकटेपणाने ते खंगतात.