फुगवटा पोटात, धास्ती डोक्यात

हृदयातून निघून छातीतून पोटात उतरणारी शरीरातली सर्वांत मोठी रक्तवाहिनी म्हणजे महाधमनी. तिची भिंत एखाद्या जागी सैल पडून फुगली की डॉक्टर त्याला अॅन्युरिझम म्हणतात. बहुतेकांना तो भलत्याच कारणासाठी केलेल्या तपासणीत सापडतो. ‘लक्ष ठेवू’ असं सांगून घरी पाठवलेल्या वाचकांची ही पत्रं.

वय ६६. मूतखड्याच्या संशयानं सोनोग्राफी केली. खडा निघाला नाही, पण पोटातली मोठी नस ४.३ सेंटिमीटर फुगलेली निघाली. डॉक्टर म्हणाले, आत्ता काही करायचं नाही, वर्षानं दाखवा. तेव्हापासून झोप नाही. आडवं झालं की पोटात ठोके लागतात, दिवसातून दहादा हात लावून बघतो. फुटणारच असेल तर आत्ताच ऑपरेशन का करत नाहीत? यात पैशाचा काही मामला आहे का?
— एक वाचक, गंगाखेड

पैशाचा संशय येणं साहजिक आहे, पण इथं गणित उलटं आहे. ऑपरेशन न करण्यात कुठल्याच दवाखान्याची कमाई नसते.

‘काही करायचं नाही’ हे वाक्य अर्धंच तुमच्यापर्यंत पोचलं. पूर्ण वाक्य असं : आत्ता चाकू लावायचा नाही, पण ठरल्या तारखेला मोजायचं, बीपी ताब्यात ठेवायचं आणि बिडी-सिगारेट सोडायची. त्या वयात पोटातली महाधमनी साधारण २ सेंटिमीटर रुंद असते. ३ किंवा त्याहून जास्त असेल तर फुगवटा म्हणतात, आणि पुरुषांत ५.५, बायकांत ५ च्या आसपास ऑपरेशनचा विषय निघतो. ४ ते ५.५ सेंटिमीटरच्या फुगवट्यावर लगेच ऑपरेशन करावं की मोजत राहावं आणि ५.५ ओलांडले तरच करावं, याची तुलना ब्रिटनमध्ये झाली. तिचे निष्कर्ष १९९८ साली आले. अमेरिकेतल्या तशाच अभ्यासाचे २००२ साली आले. दोन्हींत हजाराहून जास्त रुग्ण होते. लवकर ऑपरेशन झालेले लोक जास्त जगले असं दोन्हीकडं दिसलं नाही. लक्ष ठेवलेल्या गटात फुटण्याचं प्रमाण वर्षाला शंभरात एक किंवा त्याहून कमी होतं, आणि खुद्द ऑपरेशनमधला धोका त्यापेक्षा मोठा.

आता तुमचा हिशोब. ४.३ पासून ५.५ पर्यंत १२ मिलिमीटर बाकी आहेत. असा फुगवटा वर्षाला सरासरी २ ते ३ मिलिमीटर वाढतो. काहींचा वर्षानुवर्षं हलत नाही. म्हणून वर्षाची तारीख.

बिडी ओढत असाल तर या पत्रातला सगळ्यात मोठा उपचार तोच आहे. वाढीचा वेग आणि फुटण्याचा धोका दोन्ही धुरानं वाढतात. ‘दिवसाला दोनच’ हा सौदा इथं चालत नाही. कोलेस्टेरॉलची गोळी दिली असेल तर ती फुगवटा आटवण्यासाठी नाही. अशा माणसांना हार्ट अटॅक आणि पक्षाघाताचा धोका जास्त असतो, त्यासाठी आहे. फुगवटा लहान करणारी गोळी अजून नाही. कुणी काढा देऊन ‘नस पूर्ववत करतो’ म्हणालं तर पैसे वाचवा.

ठोक्यांबद्दल. सडपातळ माणसाला उताणं झोपल्यावर निरोगी महाधमनीचाही ठोका लागतो. तो आधीही होता, आता तुम्ही ऐकायला लागलात. हात लावल्यानं फुगवटा फुटत नाही, पण दोन-तीन मिलिमीटरची वाढ बोटांना कळतही नाही. म्हणजे त्या तपासणीतून हाती काही लागत नाही. मिनिटभर बरं वाटतं आणि हात परत तिकडं जातो. एकदम बंद करणं जमत नसेल तर या आठवड्यात पाच वेळा, पुढच्या आठवड्यात दोन वेळा, मग फक्त डॉक्टरांचा हात. काळजीलाही वेळ नेमून द्या : संध्याकाळी वीस मिनिटं, वही घेऊन, अंथरुणात नाही. रात्री विचार आला तर ‘उद्या सहाला’ एवढंच मनाशी म्हणायचं. पहिले आठ-दहा दिवस हे खुळचट वाटेल, तरी करा. झोपेची गोळी मात्र मेडिकलमधून परस्पर आणू नका. अल्प्राझोलामसारख्या गोळ्यांची सवय फार लवकर लागते.

मार्चमध्ये गावात ४.३ आला. जूनमध्ये मोठ्या शहरात सीटी स्कॅन केला, ४.७. तीन महिन्यांत चार मिलिमीटर! म्हणजे वर्षात फुटणार का?
— उदगीर

बहुतेक काहीही वाढलेलं नाही. तुम्ही मोजपट्टी बदललीत. सीटीचा आकडा सोनोग्राफीपेक्षा काही मिलिमीटर जास्त येतो. सोनोग्राफीतही एक डॉक्टर भिंतीच्या आतल्या कडेपासून मोजतो, दुसरा बाहेरच्या, आणि नस तिरपी गेली असेल तर तिरपा छेद जास्त रुंद दिसतो. काकडी तिरपी कापली की चकती मोठी येते तसंच. तोच डॉक्टर, तेच मशीन असलं तरी दोन-तीन मिलिमीटर इकडंतिकडं होतात.

म्हणून सोनोग्राफीची तुलना सोनोग्राफीशीच करायची, शक्यतो त्याच सेंटरला. आधीचा रिपोर्ट टेबलावर ठेवून म्हणा, ‘मागच्या वेळी जिथून मोजलं तिथूनच मोजा, आणि कुठल्या कडेपासून ते लिहा.’ जाताना सहा-आठ तास उपाशी राहा. पोटात गॅस असला की नस दिसत नाही. खरी धावपळ करायची ती सहा महिन्यांत अर्धा सेंटिमीटर किंवा वर्षात एक सेंटिमीटर वाढ एकाच पद्धतीनं मोजून दिसली तर, किंवा दुखायला लागलं तर.

एक बारीक गोष्ट : सोनोग्राफीची ती चकचकीत चित्रपट्टी लॅमिनेट करू नका. तो थर्मल कागद असतो, उष्णतेनं काळा पडतो. उन्हाळ्यात गाडीच्या डिकीत ठेवला तरी खराब होतो. मोबाइलवर फोटो काढा, सीटीची सीडी जपून ठेवा.

आमच्या अण्णांचं वय ७१, फुगवटा ५.१. आम्ही त्यांना ‘गॅसची गाठ आहे’ एवढंच सांगितलंय. शेतातल्या आखाड्यावर जाऊ देत नाही, नातवाला उचलू देत नाही, मोंढ्यात तर नाहीच. ते चिडचिड करतात, जेवत नाहीत. खरं सांगितलं तर खचतील अशी भीती वाटते.
— एक मुलगी, वसमत

ताई, सांगा. खचण्याची भीती खोटी नाही, पण न सांगण्याचा धोका त्याहून मोठा आहे. उद्या शेतात एकटे असताना पोटात कळ आली, तर ‘गॅसची गाठ’ माहीत असलेला माणूस सोडा पिऊन पडून राहील. शिवाय ५.१ ला दर सहा महिन्यांनी तपासणी लागते. दर वेळी नवी थाप कुठून आणणार? आणि चिडचिड बघता त्यांना अर्धं कळलेलंच आहे.

एका वेळी सगळं ओतू नका. ‘अण्णा, पोटातली नस रुंद झालीय, म्हणून मोजत राहायची. ५.५ झाली तर ऑपरेशन, त्याच्या आत गोळ्या’ एवढं पहिल्या दिवशी पुरे. पुढच्या तपासणीला त्यांना डॉक्टरांसमोर बसवा आणि प्रश्न त्यांनाच विचारू द्या.

आता बंदी. चालणं, देवळात जाणं, पाण्याच्या पाळीवर लक्ष ठेवणं, खुरप्याचं हलकं काम, एसटीचा प्रवास, सगळं चालतं. रोज अर्धा तास चालणं तर हवंच. चालत नाही ते श्वास रोखून, कुंथून केलेलं काम : सोयाबीनचा कट्टा उचलणं, चिखलातून मोटारसायकल ओढणं, गंजलेला व्हॉल्व्ह जोर लावून फिरवणं. अशा वेळी बीपी काही क्षणांत खूप वर जातं. ओळखायची खूण सोपी : काम करताना बोलता येत असेल तर काम ठीक, बोलणं थांबलं आणि दात आवळले गेले तर वजन जास्त. बसून नातवाला मांडीवर घ्यायला काही हरकत नाही. बद्धकोष्ठावर उपाय करा, तिथलं कुंथणंही त्यातच येतं. मीठ दिवसाला सगळं मिळून एक छोटा चमचा, म्हणजे ५ ग्रॅम; लोणचं, पापड आणि ठेचा धरून. एप्रिल-मेमध्ये उभं राहिल्यावर गरगरत असेल तर बीपीच्या गोळ्या आपल्या मनानं बंद न करता डॉक्टरांकडून डोस तपासून घ्या.

५.१ असताना एक काम आत्ताच करा : ऑपरेशन कुठं होईल ते शोधून ठेवा. पोट उघडून नस बदलतात, किंवा जांघेतून नळी घालून आत स्टेंट-ग्राफ्ट (जाळीचा आधार असलेली कापडी नळी) बसवतात. दुसरं सगळ्यांच्या नसेला बसत नाही आणि त्यानंतरही आयुष्यभर तपासणी राहते. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत संरक्षण आहे. हे ऑपरेशन कुठल्या रुग्णालयात, कोणत्या पॅकेजमध्ये बसतं, ते तिथल्या आरोग्यमित्राला आधीच विचारा. त्या दिवशी कागद शोधायला वेळ नसतो.

अण्णांच्या सख्ख्या भावा-बहिणींनी आणि पन्नाशी ओलांडलेल्या मुलांनी डॉक्टरांना विचारून एकदा पोटाची सोनोग्राफी करून घ्यावी. हा आजार काही घरांत चालत येतो.

मी शिक्षिका, वय ४१. हृदयाच्या झडपेला तीनऐवजी दोनच पाकळ्या, आणि छातीतली नस ४.४. बीपीचं मशीन घेतलं, आता पंधरा-वीस वेळा मोजते. दर वेळी आधीपेक्षा जास्त येतं. वर्गात एकदा छाती धडधडून हातांना मुंग्या आल्या, वाटलं संपलं. प्राणायाम करू का?
— लातूर

घाबरून मोजलं की वाढतं, वाढलं की परत मोजलं जातं. मशीन कपाटात ठेवा आणि डॉक्टरांच्या भेटीआधी फक्त सात दिवस काढा. सकाळी गोळीपूर्वी आणि संध्याकाळी : लघवी करून या, चहानंतर अर्धा तास जाऊ द्या, पाठ टेकून, पाय जमिनीवर सरळ ठेवून पाच मिनिटं गप्प बसा. पट्टा उघड्या दंडावर, हृदयाच्या पातळीला. मिनिटभराच्या अंतरानं दोनदा मोजा आणि आवडलेला आकडा नाही, दोन्ही लिहा. पहिला दिवस सोडून बाकीची सरासरी डॉक्टरांना दाखवा. बहुतेकांसाठी १३०/८० च्या खाली हे लक्ष्य असतं. मनगटाचं मशीन घेतलं असेल तर बदला. दंड जाड असेल तर मोठा पट्टा लागतो. लहान पट्ट्यानं आकडा खोटाच जास्त येतो, आणि ही चूक फार घरांत होते.

छातीतल्या नसेचा हिशोब पोटापेक्षा वेगळा. तिथं मर्यादा साधारण ५.५, दोन पाकळ्यांची झडप आणि इतर जोखीम असेल तर ५ पासून विचार. वाढ सहसा वर्षाला मिलिमीटरभर किंवा त्याहून कमी. मूल हवं असेल तर दिवस राहण्यापूर्वी हृदयरोगतज्ज्ञाशी बोला, नंतर नाही. गरोदरपणात या नसेवर ताण येतो. आई-वडील, भावंडं आणि मुलांची एकदा इको (हृदयाची सोनोग्राफी) करून घ्या.

वर्गात जे झालं ते वर्णनावरून पॅनिक अटॅकसारखं वाटतं. तो दहा मिनिटांत शिगेला जातो आणि बहुधा अर्ध्या तासात ओसरतो. पहिल्या वेळी मात्र ईसीजी करून खात्री करून घ्यायचीच असते. प्राणायाम करा, पण कुंभक नको, जोरात भस्त्रिका-कपालभाती नको, शीर्षासन नको. चार आकडे श्वास आत, सहा आकडे बाहेर, पाच-दहा मिनिटं, मध्ये रोखणं नाही. महिनाभरात फरक पडला नाही तर टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य सेवेच्या १४४१६ या मोफत क्रमांकावर मराठीत बोलता येतं, किंवा मानसोपचारतज्ज्ञाला भेटा आणि नसेबद्दल आधी सांगा. चिंतेवर औषध घेतलं म्हणजे वेड लागलं असं नाही; चाळीस मुलं सांभाळणाऱ्या बाईला हे सांगायची गरज पडू नये.

यांना फुगवटा आहे. नेमकं कसं दुखलं तर पळायचं? दर वेळी पाठ दुखली की आम्ही रात्री गाडी काढतो.
— अंबाजोगाई

वाकल्यावर वाढणारं, कुशीवर कमी होणारं, दाबल्यावर एका जागी दुखणारं पाठदुखणं बहुधा स्नायूचं असतं. पळायचं ते असं : अचानक सुरू झालेली जोराची, खोल कळ पोटात, कमरेत किंवा जांघेकडं, बसून-झोपून कशानंही न कमी होणारी, सोबत घाम, डोळ्यापुढं अंधारी किंवा चक्कर. छातीत फुगवटा असेल तर छातीत किंवा दोन्ही खवाट्यांच्या मध्ये फाटल्यासारखं दुखणं, बोलणं अडखळणं, एक हात-पाय लुळा पडणं. ठरवता येत नसेल तर जाणंच बरं. चार फेऱ्या फुकट गेल्या तरी चालतील.

१०८ ला फोन करा. आडवं ठेवा, खायला-प्यायला काही देऊ नका, पोट चोळू नका, गाडी स्वतः चालवू देऊ नका. अशा वेळी पहिलं वाक्य महत्त्वाचं. म्हाताऱ्या माणसाची कमरेतली कळ मूतखडा म्हणून इंजेक्शनवर घालवली जाते, आणि छातीतली कळ हार्ट अटॅक समजून रक्ताची गुठळी विरघळवणारं औषध सुरू होतं, जे इथं घातक ठरू शकतं. म्हणून दारातच म्हणायचं : ‘महाधमनीचा अॅन्युरिझम आहे, शेवटचं माप इतकं.’ हेच एका कार्डावर लिहून त्यांच्या खिशात ठेवा : निदान, माप आणि तारीख, चालू गोळ्या, रक्तगट, दोन फोन नंबर.

कार्डाच्या मागच्या बाजूला एक ओळ हवी : ‘दुसरा पर्याय असेल तर सिप्रोफ्लॉक्सासिन, ऑफ्लॉक्सासिन, लेव्होफ्लॉक्सासिन देऊ नये.’ या प्रतिजैविकांनी महाधमनी फाटण्याचा धोका वाढू शकतो, असा इशारा अमेरिकेच्या औषध प्रशासनानं डिसेंबर २०१८ मध्ये दिला. आपल्याकडं जुलाबावर ऑफ्लॉक्सासिन-ऑर्निडाझोलची गोळी मेडिकलवाला न विचारता काढून देतो, आणि घरातल्या डब्यात तिची अर्धी पट्टी हमखास पडलेली असते. आज तो डबा उघडून बघा.