जुन्या व्हर्च्युअल मशीनच्या डिस्क फाइली सुरू न करता कशा तपासायच्या?

तुम्ही लिहिलंय की दांडिया बाजारातल्या तुमच्या सीए ऑफिसमधून सिस्टिम बघणारा माणूस सोडून गेला आणि सर्व्हरवर ‘नवीन२’, ‘फायनल’ अशा नावांच्या, व्हर्च्युअल मशीनच्या (सर्व्हरच्या आत चालणाऱ्या आभासी संगणकांच्या) ढीगभर डिस्क फाइली राहिल्या. कशात काय आहे ते स्क्रिप्टने काढून नको त्या उडवायच्या आहेत. मीही वडोदऱ्यातच अशा ऑफिसांचे सर्व्हर सांभाळतो, म्हणून कळकळीने सांगतो: ‘एकदा सुरू करून बघू’ हे अजिबात करू नका.

कारण क्यूकाऊ-टू (qcow2, व्हर्च्युअल डिस्कचा एक फॉरमॅट) प्रकारच्या फाइली एकमेकींवर रचलेल्या असू शकतात. खाली मूळ फाइल, वरच्या फाइलीत फक्त नंतरचे बदल. मूळ फाइल चालू केली की विंडोज लगेच तिच्यात लिहायला लागतं आणि वरच्या फाइलींचा हिशेब बिघडतो. त्या क्षणी काही एरर येत नाही. नुकसान पुढे कधीतरी समोर येतं. शिवाय मूळ फाइलीत कोणी लिहीत नसल्याने तिची तारीख सगळ्यांत जुनी दिसते. तारखेवरून साफसफाई करणारा माणूस नेमकी तीच पहिली उडवतो.

म्हणून स्क्रिप्टची पहिली फेरी फाइलीच्या आत न जाता करा. डिस्क फाइली हाताळणाऱ्या क्यूईएमयू-आयएमजी (qemu-img) टूलची इन्फो कमांड प्रत्येक फाइलीवर चालवा, आउटपुट जेसनमध्ये (JSON, स्क्रिप्टला सहज वाचता येणारा मजकूर) घ्या. फॉरमॅट, मशीनला दिसणारा आकार, डिस्कवर खरोखर व्यापलेली जागा आणि बॅकिंग फाइलचं, म्हणजे तिच्या खालच्या फाइलीचं, नाव मिळतं. मग यादी उलटी लावा: कोणती फाइल कोणाकोणाच्या खाली आहे? तिथे नाव निघालं की ती फाइल ‘हात लावू नये’ गटात. रॉ फाइलींसाठी (कुठल्याही फॉरमॅटशिवाय डिस्कची जशीच्या तशी नक्कल) मात्र फॉरमॅट स्वतः सांगा. ओळखायचं काम टूलवर सोडलं, तर आतल्या मशीनने लिहून ठेवलेलं खोटं हेडर (फाइलीच्या सुरुवातीची ओळख-माहिती) तुमच्या सर्व्हरवरचीच दुसरी फाइल बॅकिंग म्हणून दाखवू शकतं.

दुसऱ्या फेरीला लिबगेस्टएफएस (libguestfs, डिस्क फाइलीच्या आत बघायची लायब्ररी) आणि पायथन. डिस्क थेट सर्व्हरवर माउंट करू (जोडून उघडू) नका. बिघडलेली किंवा संशयास्पद फाइलसिस्टिम तुमच्या कर्नलच्या (ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याच्या) हाती जाते. लिबगेस्टएफएस ते काम एका छोट्या वेगळ्या मशीनच्या आत करतं. डिस्क जोडताना रीड-ओन्ली ठेवा, लाँच करा, मग इन्स्पेक्ट फंक्शन्स ऑपरेटिंग सिस्टिम, होस्टनेम (मशीनचं नाव), बसवलेले प्रोग्रॅम सांगतात. तुमच्याकडे टॅलीचे डेटा फोल्डरही शोधा. एका वेळी एकच मशीन जोडा. क्लोन (हुबेहूब नक्कल) केलेल्या डिस्कवर एलव्हीएमची (लिनक्समधली डिस्कचे भाग पाडायची पद्धत) नावं सारखी असतात आणि गोंधळ होतो. उबुंटूवर लाँचलाच अडलं तर बूट फोल्डरातल्या कर्नल फाइलीला वाचायची परवानगी आहे का बघा, बहुतेकदा तेच असतं.

ऑपरेटिंग सिस्टिम सापडली नाही म्हणजे डिस्क रिकामी आहे असं समजू नका. ती निव्वळ डेटाची असेल, किंवा बिटलॉकरने (विंडोजची डिस्क कुलूपबंद करायची सोय) बंद केलेली. अशा फाइलींची वेगळी यादी सीएसाहेबांना द्या, कारण जीएसटीचे हिशेब वार्षिक विवरणपत्राच्या मुदतीपासून ७२ महिने जपावे लागतात. त्यांचा निर्णय होईपर्यंत फोल्डरही बदलू नका: वरच्या फाइलीत खालच्या फाइलीचा पत्ता लिहिलेला असतो, आणि जागा बदलली की ती उघडत नाही.