अंगणातल्या हौदातले मासे रोज एक-दोन गायब व्हायलेत, कोण खातंय आणि काय करावं?

आमच्याकडं लातूरला सेम झालं होतं, मी शेजारच्या मांजरावर डाऊट घेत बसलो आणि निघाला बगळा, तो मातकट ढोकरी बगळा असतो ना, बसला की दिसतच नाही, उडला की एकदम पांढरा. खंड्या पण येतो पण तो छोटे गप्पी-बिप्पी उचलतो, मोठा गोल्डफिश गेला तर बगळा नायतर रातबगळा समजा, हा दुसरा अंधारातच येतो म्हणून सापडत नाही.

बगळ्याला उभं राहायला उथळ पाणी लागतं. त्यामुळं काठ सरळ उभे आणि पाणी अडीच-तीन फूट ठेवा. उन्हाळ्यात आपल्याकडं टँकरची बोंब, हौद अर्धा होतो, आसपासची तळी पण आटलेली, मग पाखरं घरापर्यंत येणारच. एप्रिल-मेमध्ये वरून हिरवं शेडनेट ताणून बांधा, ऊनही कमी लागतं. पण टाईट बांधा हं, बारीक नायलॉनची जाळी ढिली सोडली की त्यात साप-पाखरं अडकून मरतात.

तळाला पीव्हीसी पाईपचे तुकडे टाका, मासे त्यात लपतात. कमळ लावलं तर अजून बेस्ट. जुन्या सीडी लटकवायचा उपाय चार दिवस चालतो, नंतर बगळा त्याच्याच बाजूला उभा राहतो 😀

विरोळा (मासे खाणारा पाणसाप) दिसला तर मारू नका, बिनविषारी असतो (चावतो मात्र जोरात), सर्पमित्राला बोलवा. आणि विष, फासे वगैरे अजिबात नको, १९७२ च्या वन्यजीव कायद्यात अडकाल.