फळ्या ठोकण्याआधी

बागेत स्वतःच्या हातानं लाकडी डेक, म्हणजे खांबांवरचा फळ्यांचा ओटा, बांधू पाहणाऱ्यांची पत्रं गेले काही महिने साठत आली आहेत. त्यांतली पाच या वेळी घेतली आहेत. सुतारकाम मी बाबांच्या हाताखाली शिकले आणि पुढं तेच माझं काम झालं, त्यामुळं उत्तरांत मधूनमधून बाबा येतील.

ताई, मागच्या दारासमोर ४ मीटर लांब आणि ३ मीटर रुंद डेक बांधायचा आहे. जमीन सपाट आहे, पण कोरड्या दिवसांत मातीला भेगा पडतात. करवत, ड्रिल आणि सुट्टीचे दिवस हाताशी आहेत. फळ्या कुठल्या घेऊ?

फळ्यांचं नंतर बघू. डेक किती वर्षं टिकणार हे फळ्यांच्या खाली ठरतं.

माझा पहिला डेक दिसायला देखणा होता. खांब मी ओल्या काँक्रीटमध्ये रोवले होते, कारण तसे ते पक्के वाटतात. चौथ्या पावसाळ्यानंतर एक कोपरा खचला. खाली सरपटत जाऊन खांबाच्या बुडाशी स्क्रूड्रायव्हर टेकवला, तर फारसा जोर न लावता तो मुठीपर्यंत आत गेला. बाहेर काढला तेव्हा टोकाला तपकिरी ओला भुसा होता आणि त्याला कुजक्या पानांचा वास होता. तोच खांब वीतभर वर मात्र खणखणीत वाजत होता. लाकूड सुकून आकसलं, काँक्रीटशी फट पडली, फटीत पाणी उतरलं आणि त्याला बाहेर पडायला वाटच नव्हती. वाटीत ठेवल्यासारखा खांब वर्षानुवर्षं पाण्यात उभा होता.

म्हणून खांब रोवू नका. खड्ड्यात काँक्रीट भरा, त्याचा माथा जमिनीच्या थोडा वर काढून चारी बाजूंनी उतरता करा आणि त्यावर खांबाखालचा धातूचा बूट बसवा. खांबाचं बूड काँक्रीटपासून तीन-चार सेंटीमीटर वर राहिलं पाहिजे. तुमची भेगाळणारी माती ओली झाली की फुगते, सुकली की आकसते, आणि उथळ पाया तिच्याबरोबर वरखाली होतो. कोरड्या दिवसांतच खणून बघा. भेगा जिथं संपतात त्याच्याही खाली पायाचा तळ गेला पाहिजे. ज्यांच्याकडे थंडीत जमीन गोठते, त्यांनी गोठणाऱ्या थराच्या खाली जावं.

आखणीत तुमची मापं सोयीची आहेत. ४ बाय ३ च्या आयताचा कर्ण बरोबर ५ मीटर येतो. खुंट्या ठोकून दोरी ताणा आणि दोन्ही कर्ण मोजा. दोन्ही ५ मीटर भरले की चारही कोपरे काटकोनात आहेत. बाबांकडे गुण्या होता, पण एवढ्या मोठ्या कामाला ते दोरीवर ३, ४ आणि ५ हातांच्या खुणा करूनच काटकोन काढायचे.

डेक घराच्या भिंतीला जोडू नका, चार बोटं अंतर सोडून त्याच्या स्वतःच्या खांबांवर उभा करा. भिंत आणि लाकूड यांच्यामध्ये अडकलेलं पाणी दोघांनाही खातं. डेकची पातळी दाराच्या उंबऱ्याच्या खाली हवी आणि घरापासून बाहेरच्या बाजूला मीटरला १ सेंटीमीटर उतार हवा, म्हणजे तुमच्या ३ मीटरला ३ सेंटीमीटर. पाणसळ लावून तो सांगाड्यातच साधून घ्या. (डेक जमिनीपासून दोन फुटांहून उंच जाणार असेल तर कठडा लागेल आणि सांगाड्याचा हिशोब जाणकाराकडून तपासून घ्यावा लागेल. तुमचा तेवढा उंच दिसत नाही.)

सांगाडा असा: भिंतीला समांतर तीन तुळया, एक घराजवळ, एक मध्ये, एक बाहेरच्या कडेला. त्यांवर आडवे वासे, ५ बाय १५ सेंटीमीटरचे, उभ्या कडेवर, दर ४० सेंटीमीटरला एक. ४ मीटरमध्ये असे ११ वासे बसतात. त्यांवर साडेचौदा सेंटीमीटर रुंदीच्या फळ्या ६ मिलिमीटरची फट ठेवून लावल्या तर २० फळ्या लागतील. प्रत्येक फळी प्रत्येक वाशाला दोन स्क्रूंनी धरायची, म्हणजे एकूण ४४० स्क्रू. यातला प्रत्येक स्क्रू म्हणजे वाशाच्या माथ्यावर पाणी शिरायला एक भोक. म्हणून फळ्या लावण्याआधी वाशांच्या माथ्यावर डांबरी टेप चिकटवा. ती स्क्रूभोवती घट्ट बसते आणि पाणी बाजूला ढकलते. हे काम अर्ध्या दिवसाचं आहे, आणि नंतर ते कधीच करता येत नाही.

फट सगळ्यांना सारखी नसते. लाकूड रुंदीत आकसतं, लांबीत जवळजवळ नाही. फळ्या चांगल्या सुकलेल्या असतील तर ५-६ मिलिमीटर ठेवा. औषध मुरवलेलं लाकूड ओलंच मिळालं असेल तर फळ्या जवळजवळ चिकटवून लावा, सुकल्यावर फट आपोआप पडते. अशा लाकडात औषध बहुतेक वेळा बाहेरच्या थरातच असतं, म्हणून करवतीनं कापलेलं प्रत्येक तोंड तिथल्या तिथं औषधानं माखा. कापलेलं टोक म्हणजे बारीक नळ्यांची जुडी, पाणी पिण्यात फळीच्या पाठीपेक्षा कितीतरी पुढं.

खालची जमीन साफ करून तणरोधक कापड आणि वर खडी पसरा. बाजू गच्च बंद करू नका, हवा खेळू द्या. वाळवी लाकडापर्यंत यायला मातीचे बोगदे बांधते. खांबांची बुडं उघडी असली तर ते वेळेत दिसतात.

आणि दिवे आज नको असले तरी वायरिंगचा रिकामा पाइप आताच टाकून ठेवा, आत एक नायलॉनची दोरी सोडून. एका घरी डेक पुरा झाल्यावर दिव्यांचा विषय निघाला. मला ११ फळ्या उचलाव्या लागल्या आणि त्यांतल्या तीन स्क्रूच्या भोकांपाशी चिरल्या. पाइप वाशांतून न्यायचा असेल तर उंचीच्या मध्यावर लहानसं भोक पाडा, वरच्या किंवा खालच्या कडेला खाच पाडू नका. ६५ मिलिमीटरचा स्क्रू अडीच सेंटीमीटरची फळी ओलांडून वाशात ४ सेंटीमीटर उतरतो. पाइपाचा मध्य साडेसात सेंटीमीटरवर असेल तर स्क्रू तिथवर पोचत नाही.

खऱ्या लाकडाच्या फळ्या घ्याव्यात की लाकडाचा भुसा आणि प्लॅस्टिकपासून बनवलेल्या? विक्रेते म्हणतात की दुसऱ्यांना काहीच करावं लागत नाही.

मी लाकूड घेते. भुसा-प्लॅस्टिकच्या फळीची कुसळं टोचत नाहीत आणि तिला तेल लावावं लागत नाही, हे खरं. पण उन्हात ती अनवाणी पायाला चटका देते, तापली की लांबीत वाढते म्हणून टोकांना जागा सोडावी लागते, आणि खालचे वासे अधिक जवळजवळ लागतात. किती जवळ ते बनवणाऱ्यानं दिलेलं असतं, तेच पाळा. वासे म्हणून मात्र त्या फळ्या कधीही वापरू नका. लाकडाची एक फळी खराब झाली तर मी तेवढीच काढून नवी बसवते. छुप्या क्लिपांवर बसवलेली मधली फळी काढायला बहुतेक वेळा कडेपासून उकलत यावं लागतं.

सागवान घेणार असाल तर गाभ्याचं घ्या. कडेचा फिकट पट्टा त्याच झाडाचा असला तरी उघड्यावर टिकत नाही.

बागेच्या टोकाच्या डेकला ३ वॉटचे ८ एलईडी दिवे लावले. १२ व्होल्टचा ड्रायव्हर (घरची वीज १२ व्होल्टवर आणणारा डबा) घरात आहे आणि तिथून डेकपर्यंत २० मीटर वायर आहे. दिवे लागतात पण मंद, आणि दोन दिव्यांच्या काचेआड पाणी दिसतं. सगळे दिवे बदलू का?

थांबा, आधी वायर बघा. ८ दिवे मिळून २४ वॉट, म्हणजे १२ व्होल्टवर २ अँपिअर. वायरची जाडी तुम्ही लिहिलेली नाही, पण असे दिवे मंद असतात तिथं मला बहुधा ०.७५ चौरस मिलिमीटरची वायर सापडते. वीज जाऊन परत येते, म्हणून २० मीटरचे ४० मीटर धरायचे. एवढ्या तांब्याचा रोध साधारण ०.९ ओहम. २ अँपिअरला जवळजवळ १.८ व्होल्ट वाटेतच जातात आणि दिव्यांपर्यंत जेमतेम १० पोचतात. तीच वायर २.५ चौरस मिलिमीटरची असती तर अर्ध्या व्होल्टच्या आसपास गेले असते.

तेव्हा जाड वायर टाका, किंवा ड्रायव्हर पाऊस न लागणाऱ्या पेटीत डेकच्या जवळ आणा. नवीन काम करणाऱ्यांनी मात्र पहिल्यापासून २४ व्होल्टचे दिवे आणि ड्रायव्हर घ्यावेत. तेवढ्याच वॉटला करंट निम्मा होतो आणि त्याच वायरीत टक्केवारीतली घट चौथ्या हिश्शावर येते. ड्रायव्हर काठोकाठ भरू नका. २४ वॉटच्या दिव्यांना ३० वॉटचा द्या. ड्रायव्हर हलवायचा तर घरची मुख्य लाइन बागेत न्यावी लागते. ते काम परवानाधारक इलेक्ट्रिशियनचंच आहे आणि त्या लाइनवर ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे वीज गळू लागताच लाइन तोडणारा स्विच, हवाच. माझे हात लाकडात चालतात, तिथं मी हात घालत नाही, तुम्हीही घालू नका.

आता पाण्याचं. दिवा पेटला की आतली हवा तापून पसरते. पाऊस पडून तो एकदम गार झाला की आकसलेली हवा मिळेल तिथून ओल ओढते, आणि सर्वांत सोपी वाट वायरच्या आत, तांब्याच्या तारांमधून असते. तुमच्या जोडांना नुसती टेप गुंडाळलेली असेल तर पाणी बहुधा तिथून आलं आहे. जेल भरलेले कनेक्टर वापरा, आणि दिव्यात शिरण्याआधी वायरला खाली झोका द्या, म्हणजे थेंब तिथंच गळून पडेल. दिव्यावरचा आयपी आकडाही बघा, धूळ आणि पाणी तो किती अडवतो ते त्यावरून कळतं. ६५ म्हणजे पाण्याच्या फवाऱ्यात टिकणारा. ६७ म्हणजे मीटरभर पाण्यात अर्धा तास बुडून टिकणारा. ही चाचणी वेगळी आहे, त्यामुळं ६७ चा दिवा जोरदार फवाऱ्याला टिकेलच असं नाही. डेक पाइपाच्या फवाऱ्यानं धुणाऱ्यांनी दोन्ही आकडे लिहिलेला दिवा मागावा.

दारावर मोठा पांढरा दिवा लावला आहे. किडे जमतात, आणि इतका उजेड असूनही माझे सासरे परवा डेकच्या पायरीवर चुकले.

सासऱ्यांना फार लागलं नसेल अशी आशा आहे. माझी आई अशीच अडखळली होती. त्या रात्री मी तिच्यामागून दारातून चालत आले तेव्हा कारण दिसलं. दिवा पाठीमागं आणि डोक्यावर होता, आणि पायरीवर तिचीच सावली पडत होती. उजेड वाढवला असता तर सावली आणखी काळी झाली असती.

पायरीचा उजेड पायरीलाच हवा. फळीची कड थोडी पुढं काढून तिच्या पोटात, ॲल्युमिनियमच्या पट्टीत, एलईडीची बारीक माळ बसवा, तोंड खाली. आईच्या पायरीला मी तसंच केलं. दिवा कुठूनही दिसत नाही, दिसते ती खालच्या पायरीची लांबलचक उजळ पट्टी, आणि आईचा पाय बरोबर तिच्यावर पडतो.

जागा ठरवायला एक रात्र द्या. एकानं टॉर्च धरून पायरीच्या कडेला, कठड्याखाली, कुंडीमागं फिरायचं, आणि सासऱ्यांनी त्यांच्या नेहमीच्या खुर्चीत बसून सांगायचं की कुठं डोळ्यांत जातो. ज्यांच्यासाठी करायचं त्यांनाच विचारा.

किड्यांना निळसर उजेड जास्त ओढतो. पांढरी एलईडी मुळात निळी असते, वर पिवळा लेप असतो, आणि थंड पांढऱ्यात निळा भाग जास्त उरतो. २७०० केल्व्हिनचा पिवळट दिवा घ्या. किडे पूर्ण थांबणार नाहीत, कमी होतील. दारावरचा दिवा माणूस आला की लागणारा करा, आणि रात्री बाग अंधारी राहू द्या. तिथं पाखरंही झोपतात.

नव्या डेकवर प्रत्येक स्क्रूभोवती निळेकाळे डाग आले आहेत. बुरशी आहे का?

बुरशी नाही. लाकडातलं टॅनिन (तुरट द्रव्य), ओल आणि लोखंड एकत्र आले की शाईसारखा रंग तयार होतो. साधे स्क्रू काढून स्टेनलेस स्टीलचे लावा. समुद्राच्या खाऱ्या हवेत ३१६ प्रतीचे, एरवी ३०४ चालतात. डागांना ऑक्झॅलिक ॲसिडचं पातळ द्रावण लावून, थोडा वेळ ठेवून, भरपूर पाण्यानं धुवा. हातमोजे आणि चष्मा घालून, आणि मुलांना लांब ठेवून. तारेच्या घासणीनं घासू नका, तिचे कण लाकडात अडकून नवे डाग पाडतात.

पूर्ण सुकल्यावर तेल द्या. व्हार्निश नको, उन्हापावसात त्याचे पोपडे निघतात. आणि जवसाच्या तेलाच्या चिंध्या चुरगाळून कोपऱ्यात टाकू नका. ते तेल वाळताना उष्णता सोडतं, बोळ्यात ती कोंडते आणि चिंध्या आपोआप पेट घेऊ शकतात. एकेक चिंधी उघड्यावर पसरून वाळवा, नाहीतर काम संपेपर्यंत पाण्याच्या बादलीत बुडवून ठेवा.