तिकडे लोक पेंड खातायत, मग जग करतंय काय?

प्रश्न : नमस्कार. आमचे भाऊजी सुदानला खार्टूममध्ये एका कंपनीत मेंटेनन्सला होते. २०२३ च्या एप्रिलमध्ये लढाई पेटली तेव्हा ऑपरेशन कावेरीत पोर्ट सुदान, जेद्दा असं करत मुंबईला उतरले. त्यांच्याबरोबरचा तिकडचा एक ड्रायव्हर होता, पश्चिमेकडच्या दारफूर भागातल्या अल फाशर शहरातला, तो बायकामुलं घेऊन गावी गेला. भाऊजींना व्हॉट्सअॅपवर व्हॉइस मेसेज टाकायचा, मागच्या श्रावणात म्हणाला पेंड खाऊन राहतोय, आम्हाला वाटलं भाषेचा घोळ असेल. ऑक्टोबर २०२५ पासून मेसेजला एकच टिक आहे. भाऊजी रोज उघडून बघतात. युनो, मोठे देश, हे सगळे नेमकं करतायत काय? आणि आपण इथून काही करू शकतो का?
— एक वाचक, सिडको, नाशिक

उत्तर : ताई, भाषेचा घोळ नव्हता. शेंगदाण्याचं तेल काढल्यावर उरते ती पेंड, आपल्याकडे म्हशीला घालतात तीच, तिकडे तिला अंबाझ म्हणतात, आणि अल फाशरमध्ये माणसं खरंच ती खात होती, नंतर तर तीही मिळेना. तिथल्या सैन्याशी लढणारी निमलष्करी फौज आहे, रॅपिड सपोर्ट फोर्सेस म्हणजे आरएसएफ, तिने शहराला ५०० च्या वर दिवस वेढा घातला होता, भोवती मातीचा बांध घातला, आणि २६ ऑक्टोबर २०२५ ला शहर घेतलं. तिथल्या सौदी मॅटर्निटी हॉस्पिटलात पेशंट आणि त्यांच्यासोबतचे मिळून ४६० वर लोक मारले गेल्याचं जागतिक आरोग्य संघटनेने सांगितलं. हे लिहितानासुद्धा हात जड होतो.

माझी आजी सिन्नरकडची, ७२ च्या दुष्काळात मिलो, म्हणजे रेशनची लाल ज्वारी, खाऊन दिवस काढले म्हणायची. पण तेव्हा पाऊस नव्हता हो. सुदानात धान्य होतं, ट्रक होते, रस्ता दिला नाही. जून २०२५ मध्ये अल फाशरकडे निघालेल्या युनोच्या ताफ्यावर अल कोमाजवळ हल्ला झाला, ५ जण गेले. युद्धात लोकांना उपाशी ठेवणं हे हत्यार म्हणून वापरू नका असा सुरक्षा परिषदेचा २०१८ चा ठराव आहे, २४१७ नंबरचा. अल फाशरचा वेढा उठवा असाही ठराव जून २०२४ मध्ये झाला, २७३६ नंबरचा. म्हणजे माहिती नव्हती असं कोणी म्हणू शकत नाही, शहर पडायच्या सव्वा वर्ष आधी कागदावर सगळं होतं, पण ठराव मोडला तर पुढे काय हे कोणी ठरवलंच नाही. नोव्हेंबर २०२४ मध्ये लढाई थांबवा म्हणणारा ठराव आला, १५ पैकी १४ देश बाजूने, रशियाने व्हेटो वापरला आणि विषय संपला.

शस्त्रांचंही तसंच, बंदी आहे पण फक्त दारफूरपुरती, बाकी सुदानात नाही. संयुक्त अरब अमिराती आरएसएफला शस्त्रं पुरवते असे आरोप युनोच्याच तज्ज्ञांनी विश्वासार्ह मानलेत, अमिराती ते नाकारते. माझं स्पष्ट मत आहे, जोवर बंदुका पुरवणाऱ्यांवर दबाव येत नाही तोवर नुसता निषेध करून काही होणार नाही. आणि सैन्याची बाजू धुतल्या तांदळासारखी आहे असंही समजू नका, त्यांनीही बाजारांवर बॉम्ब टाकलेत, मदत अडवलीये.

मग चाललंय कोणाच्या जिवावर? तिथल्याच पोरापोरींच्या. इमर्जन्सी रिस्पॉन्स रूम्स म्हणून गल्लीगल्लीत गट आहेत, ते तकाया चालवतात, म्हणजे अन्नछत्र, आपल्याकडे सिंहस्थात असतात ना तशी मोठी चूल मोठं भांडं, फक्त इथे वर ड्रोन आणि खाली भूक. २०२५ च्या सुरुवातीला अमेरिकेने मदत थांबवली आणि अशी शेकडो अन्नछत्रं बंद पडली. २०२५ मध्ये युनोने सुदानसाठी मागितलेल्या पैशांतले निम्मेही जमले नाहीत. मला सगळ्यात जास्त राग याचाच येतो, कारण व्हेटो तरी एका देशाचा असतो, पैसे न देणं सगळ्यांचं.

कोर्टाचं सांगते. हेगच्या आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयाने ६ ऑक्टोबर २०२५ ला जंजावीद टोळ्यांचा, ज्यांच्यातून पुढे आरएसएफ उभी राहिली त्यांचा, म्होरक्या अली कुशायब याला २००३-०४ च्या दारफूरमधल्या गुन्ह्यांसाठी दोषी ठरवलं, डिसेंबरमध्ये २० वर्षांची शिक्षा झाली. निकालानंतर बरोब्बर २० दिवसांनी अल फाशर पडलं. उशीर भयंकर झाला, पण लोकांनी वीस वर्षं जपून ठेवलेल्या आठवणी त्या कोर्टात उभ्या राहिल्या.

म्हणून भाऊजींना सांगा, ते व्हॉइस मेसेज, फोटो, तारखा काही डिलीट करू नका, फोन बदलला तरी बॅकअप घ्या. रेड क्रॉसची हरवलेल्या नातेवाइकांना शोधायची सेवा आहे, पण अर्ज साधारण घरच्याच माणसाने करावा लागतो. त्या ड्रायव्हरचा कोणी भाऊ, मेहुणा चाड किंवा इजिप्तला निघून गेलाय का, भाऊजींच्या जुन्या ग्रुपमध्ये विचारून बघा, सापडला तर हे सगळं त्याच्याकडे पोचवा.